लोकलमध्ये खेळायला आकड्यांची कोडी: कुठली घेऊ, कशी निवडू?

खिडकीवाली:

नमस्कार मंडळी. एक सल्ला हवाय. "गूगल कर" एवढं सोडून काहीही सांगा.

रोज डोंबिवली ते सीएसएमटी, लेडीज डबा. नाव खिडकीवाली घेतलंय, पण खिडकी सणासुदीलाच मिळते. एरवी चौथी सीट, नाहीतर ठाण्यापर्यंत उभीच. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन, म्हणजे जे काही खेळायचं ते एका अंगठ्याने. कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात नेट असतं-नसतं. आणि मधेच कुणी "सरकून घ्या" म्हणालं की खेळ आहे तिथे थांबला पाहिजे.

पेपरातलं सुडोकू मी लग्नाआधीपासून सोडवते. सोपं असेल तर दिवा यायच्या आत संपतं आणि पुढे करायला काही उरत नाही. कठीण असेल तर एका जागी असं अडतं की मी "बरं, इथे ४ धरून बघू" करत बसते. पेनाने धरलेला ४ पुढे जाऊन बिनसला की सगळा चौकोन काळा.

म्हणून एक ॲप घेतलं. नाव सांगत नाही. एक कोडं संपलं की जाहिरात, तीही आवाजासकट, शेजारची बाई दचकते. चुकीचा आकडा टाकला की लगेच लाल. तीन वेळा लाल झालं की "लाइफ संपली", आता परत जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा. अहो, मी कोडं सोडवतेय की रिचार्ज मारतेय?

तर विचारायचं हे, की सुडोकूशिवाय आकड्यांचं किंवा तर्काचं काय खेळता येईल, आणि ॲप चांगलं आहे हे डाउनलोड करायच्या आधी किंवा निदान पहिल्या दिवशी कसं ओळखायचं? मुलगी पाचवीत आहे, तिलाही काही चालेल तर सांगा. ऑफिसात एकजण म्हणतो याने म्हातारपणी विसरायला होत नाही. खरं का?

चालू_खाते:

ताई, पेपरचं पान फाडून पर्समध्ये ठेवा. जाहिरात नाही, लाइफ नाही, बॅटरी नाही. फक्त घरी सासरे पेपर शोधत बसतात, ते सांभाळा.

पेन्सिलवाला:

खिडकीवालीताई, प्रकार कुठला ते नंतर बघू. आधी कोडं तयार कसं झालंय ते बघायचं. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या पुरवणीत कोड्यांचं पान लावायचो, त्यामुळे या विषयावर माझी गाडी सुटली की लवकर थांबत नाही. सांभाळून घ्या.

तुम्ही "४ धरून बघू" करता यात दोष तुमचाच असेल असं नाही. नीट बनवलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं, आणि तिथपर्यंत न धरता-सोडता, एकेक पायरी चढत जाता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळ ॲपं पहिली सांभाळतात आणि दुसरीचा पत्ता नसतो. संगणक काय, क्षणात लाख वेळा धरून बघतो आणि सांगतो, "उत्तर एकच आहे, टाका." माणूस ते गर्दीत उभा राहून करू शकत नाही.

आता उत्तर एकच नसलं तर काय होतं? सुडोकूत दोन आडव्या ओळी घ्या, दोन उभ्या, आणि त्या जिथे छेदतात ती चार घरं दोनच चौकटींत येतील असं बघा. वरच्या दोन घरांत ३ आणि ७, खालच्या दोन घरांत ७ आणि ३. आता उलटं भरा, वर ७-३, खाली ३-७. ओळ मोडली? नाही. रकाना? नाही. चौकट? तीही नाही. म्हणजे या चारपैकी एकही आकडा आधीपासून छापलेला नसेल तर कोड्याला दोन उत्तरं झाली. तुम्ही कितीही हुशार असा, तिथे अडणारच. आमच्याकडे छपाईत असा एखादा आकडा गळला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू. पहिला फोन नेहमी एखाद्या रिटायर्ड काकांचा, आणि ते म्हणतात ते शंभर टक्के बरोबर असायचं.

कमी आकडे दिले म्हणजे कठीण, हाही एक भ्रम. साध्या ९×९ सुडोकूत एकच उत्तर हवं तर निदान १७ आकडे द्यावेच लागतात. १६ मध्ये होत नाही, हे गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या डब्लिनच्या गटाने २०१२ साली संगणकाकडून सगळं चाळून दाखवलं. तेव्हा कुणी साधं सुडोकू "फक्त १५ आकडे!" म्हणून मिरवत असेल तर तिकडे जाऊच नका. नियम वाढवले की गोष्ट वेगळी. २०२० मध्ये 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब चॅनेलवर दोनच आकडे दिलेलं एक सुडोकू गाजलं होतं, पण त्यात बुद्धिबळातल्या राजा-घोड्याच्या घरांचे जादा नियम होते. सवडीने बघा, मजा आहे. गाडीत नको, तोंड उघडं राहतं.

हाताने बनवलेलं की संगणकाने, यावर लोक भांडतात. इतिहास दोन्हीकडचा आहे. हे कोडं १९७९ मध्ये अमेरिकेत डेल या प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात आलं, बनवणारे हॉवर्ड गार्न्स नावाचे आर्किटेक्ट. १९८४ च्या सुमारास जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या मंडळींनी ते उचललं आणि दिलेले आकडे सममितीत मांडायची शिस्त लावली. त्यांचा भर हाताने रचण्यावर. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांनी ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये नेलं आणि तिथून जगभरच्या पेपरांत पसरलं. गूल्ड यांची कोडी संगणकाच्या प्रोग्रॅमने केलेली. म्हणजे संगणकाला नावं ठेवायचं कारण नाही. त्याला पायऱ्या तपासायला शिकवलंय का, एवढाच प्रश्न.

हे ओळखायला माझी पद्धत अशी. ॲप घेतलं की आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. उघडलंच नाही तर काढून टाका, पुढचं वाचू नका. उघडलं तर सेटिंगमध्ये जाऊन वेळ मोजणं आणि चुका दाखवणं बंद होतं का बघा. होत नसेल तर ते ॲप तुमच्यासाठी नाही, ते तुम्हाला घाई करायला बसलंय. मग कठीण पातळीचं एक कोडं घ्या, अडेपर्यंत जा, आणि मदतीचं बटण दाबा. इथे सगळं कळतं. नुसता आकडा भरून मोकळं झालं तर ते फक्त उत्तर बघून सांगतंय. "या ओळीत ८ ला ही एकच जागा उरली" असं कारण दाखवलं, तर ते बनवणाऱ्याने माणसाचा विचार केलाय. आणि घरात कोपऱ्यात बारीक आकडे लिहायची सोय हवीच, मागे जायचं बटणही हवं. "सोपं-मध्यम-तज्ज्ञ" या पाट्यांवर जाऊ नका. एकाचं तज्ज्ञ ते दुसऱ्याचं मध्यम असतं.

आता नाव सांगतो. सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह. फुकट, जाहिरात नाही, ब्राउझरमध्येही चालतो आणि फोनवर घेतला की नेट लागत नाही. संगणकवाल्यांना हे गृहस्थ 'पुटी' या त्यांच्या प्रोग्रॅममुळे माहीत असतील. दिसायला अगदी रूक्ष. पाठीवर थाप नाही, फटाके नाहीत, रोज या म्हणून सतावणं नाही. एकाच ओळीत दोन ५ टाकलेत तर लाल करतो, पण उत्तराशी ताडून चुगली करत नाही. मला हेच आवडतं. आणि त्यात प्रामाणिकपणा आहे. सुडोकूला (तिथे नाव 'सोलो') सगळ्यात वरची पातळी 'अनरिझनेबल' आहे आणि तिथे धरून बघावं लागेल हे बनवणाऱ्यानेच मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. तिच्या खालच्या पातळ्यांत धरून बघायची गरज पडत नाही. त्यातला माइनस्वीपरसुद्धा अंदाज न लावता सुटेल असाच मांडलेला असतो. उणं एकच, अडलात तर कारण सांगणारी मदत तिथे नाही.

आता एका अंगठ्याचं.

स्लिदरलिंक (टॅथमकडे 'लूपी'), म्हणजे आकड्यांवरून घरांच्या कडेकडेने एकच बंद फेरा काढायचा, ते माझं लाडकं, पण त्यात घरावर नाही, घरांच्या मधल्या रेघेवर बोट लावायचं असतं. हलत्या गाडीत रेघ एकीकडे, अंगठा दुसरीकडे. घरी खेळा. नोनोग्राम, म्हणजे कडेच्या आकड्यांवरून घरं काळी करत चित्र काढायचं, १० बाय १० पर्यंत ठीक. मोठं घेतलंत तर चष्मा वर-खाली करत बसाल. काकुरो बेरजांचं शब्दकोडंच म्हणा, डोक्याला फार गोड. १ ते ९ मधले आकडे, एका बेरजेत आकडा परत यायचा नाही. दोन घरांत १६ म्हणजे ७ आणि ९ च, दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९ च. आडवी १६ आणि उभी १७ एका घरात भेटल्या की त्या घरात ९, डोळे मिटून. पण बहुतेक काकुरो फोनच्या पडद्यात मावत नाहीत, सरकवत राहावं लागतं. उभ्याने नाही जमणार.

उभ्याने जमणारं म्हणजे शून्य-एकचं कोडं. बिनैरो, ताकुझू, टॅथमकडे 'अनरूली', नावं ढीगभर. आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत दोन्ही चिन्हं समसमान, आणि सारखी तीन सलग येऊ द्यायची नाहीत. घरावर टिचकी मारली की चिन्ह बदलतं, आकड्यांची पाटी लागतच नाही. एक कडी, एक अंगठा, बस.

आणि चौथी सीट मिळाली की केनकेन. ते तुमच्यासाठी माझं पहिलं उत्तर, पण आता हात दुखला. कुणीतरी सांगा.

फळा_खडू:

पेन्सिलवाले दादा, मी सांगते, कारण माझा वर्गच त्याच्यावर चालतो.

केनकेन तेत्सुया मियामोतो या जपानी गणित शिक्षकांनी २००४ मध्ये वर्गातल्या मुलांसाठी काढलं. सुडोकूसारखंच प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत आकडा एकदाच, पण आधी छापलेले आकडे जवळपास नसतातच. जाड रेघेने घरांचे गट पाडलेले, आणि गटाच्या कोपऱ्यात उत्तर व चिन्ह. ४×४ मध्ये दोन घरांचा गट आणि "६×" असेल तर २ आणि ३, दुसरं काही नाही. ते दोघं एका आडव्या ओळीत बसले असतील तर उरलेल्या दोन घरांत १ आणि ४ आपोआप. पाचवीतली मुलगी हे पहिल्याच बैठकीत पकडेल. ६×६ ला गेलात की त्याच "६×" ला १-६ सुद्धा चालतं, आणि तिथून खरा खेळ सुरू.

मी वर्गात पाढे पाठ नसलेल्या मुलांना हेच देते. "१२ चे तुकडे सांग" म्हटलं की मान खाली जाते, पण "१२× च्या गटात काय बसेल" म्हटलं की तीच मुलं ३-४, २-६ ओरडतात. केनकेन हे नाव ट्रेडमार्क आहे, म्हणून इतर ठिकाणी कॅल्क्युडोकू, मॅथडोकू अशी नावं दिसतील. टॅथमच्या संग्रहात 'कीन'.

मुलीसाठी फोनशिवायचा एक खेळ. कुठलेही चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्यातली मोठी संख्या करा, लहानातली लहान करा, वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. ३, ५, २, ४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ आले की तिथेच फिरत राहायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतंच. हे शोधणारे द. रा. कापरेकर आपल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक. १९४९ ची गोष्ट. मुलीला हे नक्की सांगा, की हा काही परदेशातला प्रोफेसर नव्हता, नाशिकजवळचा मास्तर होता. माझ्या वर्गात हे ऐकल्यावर मुलं रिक्षांच्या नंबरप्लेटी वजा करत घरी जातात.

चालू_खाते:

विसरायला होत नाही, त्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मीच बोलतो. सुडोकू खेळून माणूस सुडोकूत तरबेज होतो, हे पक्कं. त्यापलीकडे "स्मृती वाढेल, म्हातारपण लांबेल" असं कुणी विकत असेल तर खिसा सांभाळा. अमेरिकेत लुमॉसिटी नावाच्या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला असल्याच जाहिरातींवरून जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २० लाख डॉलर भरायला लावले होते. दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून. ताई, आवडतं म्हणून खेळा. आमचे एक साहेब रोज सुडोकू सोडवायचे आणि लॉकरची किल्ली रोज विसरायचे.

रविवारची_फेरी:

वर कुणी लॉजिक मास्टर्स इंडियाचं नाव घेतलं नाही? आश्चर्य आहे. भारतातल्या कोडेबाजांची साइट, तिथे वर्षभर ऑनलाइन स्पर्धा चालतात, भाग घ्यायला पैसे नाहीत. सुडोकू आणि इतर कोडी दोन्ही. कोडी माणसांनी रचलेली असतात, बरेचदा आपल्याच लोकांनी. २०१७ ची जागतिक सुडोकू आणि कोडी स्पर्धा बंगळुरूला झाली ती याच मंडळींनी भरवली होती.

स्पर्धा म्हटल्यावर घाबरू नका, ताई. जुन्या फेऱ्यांच्या पीडीएफ उतरवायच्या, ऑफिसच्या... नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढायच्या, आणि चौथ्या सीटवर पेन्सिलीने. प्रत्येक कोड्यापुढे गुण लिहिलेले असतात. ॲपच्या "तज्ज्ञ" पाटीपेक्षा ते गुण कितीतरी भरवशाचे, कारण ते आधी माणसांकडून सोडवून घेऊन ठरवलेले असतात. कमी गुणांपासून सुरू करा. शिवाय नियमांचं पुस्तक आधी टाकतात, त्यात नवीन प्रकाराचं छोटं उदाहरण उत्तरासकट असतं. मी निम्मे प्रकार त्या उदाहरणांवरच शिकलो.

पेन्सिलवाल्यांशी एका बाबतीत मतभेद. चुका दाखवणं बंद करा, मान्य. पण वेळ मोजणं मला आवडतं. घड्याळ नसेल तर मी एकाच कोड्यावर झोपी जातो.

पेन्सिलवाला:

तुम्ही बसून खेळता हो. त्या कडीला लटकून खेळतात. गाडी कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली तर तो वेळ कुणाच्या नावावर लावायचा?

खिडकीवाली:

सगळ्यांचे खूप आभार. चालू_खाते, सासऱ्यांचा पेपर फाडायची माझी छाती नाही.

फ्लाइट मोडवाली परीक्षा घेतली. जुनं ॲप उघडलं, पण "इंटरनेट तपासा" म्हणत तिथेच गोल फिरत बसलं. काढून टाकलं. टॅथमचा संग्रह घेतला. खरंच रूक्ष आहे, मला वाटलं अर्धवट उतरलाय. पण शून्य-एक उभ्याने मस्त जमतं. मुलीला कापरेकरांचं सांगितलं, ती आता घरातल्या सगळ्यांच्या फोन नंबरांचे शेवटचे चार आकडे घेऊन बसलीय. बाबांचे लवकर पोचले, आजीचे उशिरा, यावरून घरात वाद.

आता 'कीन' ६×६ वर अडलेय. उत्तर सांगू नका, दिशा दाखवा. सगळ्यात वरची आडवी ओळ: पहिल्या तीन घरांचा एक गट "३०×", त्यानंतर दोन घरांचा गट "५−", आणि शेवटचं घर खालच्या गटातलं. ३०× ला मी १-५-६ आणि २-३-५ दोन्ही लिहून ठेवलेत आणि तिथेच बसलेय. शेवटच्या घराच्या रकान्यात अगदी खाली दोन घरांचा "२÷" आहे, त्याच्याही तीन जोड्या होतात.

पेन्सिलवाला:

लिहून ठेवलंत ते बरोबर आहे. तुम्ही ३०× कडेच टक लावून बसलात म्हणून अडलं. शेजारी बघा. १ ते ६ मध्ये फरक ५ यायला किती जोड्या आहेत? त्या जोडीने या ओळीतले कुठले आकडे खाऊन टाकले? मग ३०× च्या तुमच्या दोन पर्यायांपैकी एक उडतो की नाही?

खिडकीवाली:

अरे हो! ५− म्हणजे १ आणि ६ च. मग १-५-६ गेलं, ३०× मध्ये २-३-५, आणि शेवटच्या घरात ४.

पेन्सिलवाला:

बरोबर. आता तो ४ घेऊन उभ्या रकान्यात खाली उतरा. २÷ ला तुमच्या तीन जोड्या, १-२, २-४, ३-६. रकान्यात ४ वर बसला म्हणजे २-४ बाद. उरलेल्या दोनपैकी कुठली, ते त्या रकान्यातला मधला गट सांगेल. आणि ३०× च्या तीन घरांत २-३-५ बारीक अक्षरात लिहून ठेवा, क्रम आत्ता ठरवायचा हट्ट नको, तो खालून कळेल.